काँक्रीट जळत नाही, पण भाजते!



गेली काही वर्षे मी आयर्लंडमध्ये, कॉर्क शहरात लेकीकडे राहते. माझे सारे आयुष्य नर्सच्या नोकरीत गेले. त्यातली बरीच वर्षे भाजलेल्या रुग्णांच्या वॉर्डात काढली. तेव्हा मी लिहायचे म्हणजे औषधपाणी किंवा पथ्यपाणी असेच काही असणार, असे तुम्हाला वाटेल. पण आज मी लिहिणार आहे काँक्रीटवर. हसू नका! या म्हातारीला काँक्रीटचे काय पडले आहे, ते पुढे कळेलच.

भरताचा बेत

मे महिन्यातली गोष्ट. आठवडाभर पाऊस चालला होता. इथला पाऊस आपल्या मुंबईसारखा धो धो कोसळत नाही. नुसती रिपरिप, पण थांबायचे नाव नाही. एक दिवस छान ऊन पडले आणि मला वांग्याच्या भरताची आठवण झाली. लेकीच्या घरी विजेची शेगडी. तिच्यावर वांगे भाजले तर ना तो धूर, ना ती चव. इथल्या दुकानात पत्र्याच्या तबकात कोळसे भरलेली, एकदा वापरून फेकून द्यायची शेगडी मिळते. ती आणली आणि मागच्या अंगणात काँक्रीटच्या कोब्यावर ठेवली. नऊ वर्षांचा नातू म्हणाला, “आजी, खाली काही घालायचं नाही का?” मी म्हटले, “अरे, काँक्रीट आहे ते. ते काय जळतंय थोडंच?”

वांग्यांना तेलाचा हात लावला, सुरीने चार टोचे मारले आणि निखाऱ्यांवर ठेवली. नातू शेजारी उकिडवा बसून बघत होता. वीस-पंचवीस मिनिटे झाली असतील. एकदम बंदुकीचा बार उडावा तसा आवाज झाला. शेगडी एका बाजूने उसळली, निखारे सांडले, वांगी गडगडत गेली आणि पोराने किंकाळी फोडली. काँक्रीटची रुपयाएवढी ढलपी उडून त्याच्या भुवईवर बसली होती. रक्ताची धार लागली. एक निखारा हाताला चाटून गेला होता, तो वेगळाच.

डोळा जेमतेम अर्ध्या बोटाने वाचला. चाळीस वर्षे दुसऱ्यांच्या जखमा बांधल्या, पण त्या दिवशी माझे हात थरथरत होते. भुवई दाबून धरली आणि भाजलेला हात वीस मिनिटे नळाच्या थंड वाहत्या पाण्याखाली धरला. लेक धावत आली. “आई, हे काय केलंस गं!” एवढेच म्हणाली. मला काही उत्तर सुचले नाही. चूक माझीच होती.

रात्री झोपताना नातवाने विचारले, “आजी, काँक्रीट जळत नाही म्हणालीस ना? मग ते फुटलं कसं?” हा लेख म्हणजे त्याच्या प्रश्नाचे उत्तर आहे. आमचे जावई बांधकामाचे इंजिनियर. पुष्कळसे त्यांनी समजावून सांगितले, बाकीचे मी वाचून काढले.

वांग्याला टोचे का मारतो?

उत्तर माझ्या हातातल्या वांग्यातच होते, बरं का! वांगे भाजण्याआधी आपण त्याला टोचे मारतो, नाहीतर आतल्या पाण्याची वाफ होते, तिला बाहेर पडायला वाट मिळत नाही आणि वांगे फाडकन फुटते. मक्याच्या दाण्याची लाही होते तीही अशीच. पाण्याची वाफ झाली की तिला सुमारे 1,700 पट जागा लागते. ती जागा मिळाली नाही की वाफ भिंत फोडून निघते.

काँक्रीट म्हणजे सिमेंट, रेती, खडी आणि पाणी. पाहायला दगडासारखे घट्ट, पण त्याच्या अंगात बारीक बारीक छिद्रे असतात आणि त्यांत पाणी मुरलेले असते. आयर्लंडसारख्या ओल्या देशात, अंगणातल्या कोब्यात तर ते भरपूर. वरून शेगडीची आच लागली, पृष्ठभागाजवळचे पाणी उकळले, वाफ कोंडली. शिवाय वरचा थर तापून पसरू पाहत होता आणि खालचा थर गारच होता. दोन्हींचा ताण एकत्र आला आणि ढलपी उडाली. मी वांग्याला टोचे मारले, पण कोब्याला कोण मारणार?

जितके काँक्रीट दाट आणि चिवट, तितकी वाफेला वाट कमी, म्हणून कधी कधी जास्त मजबूत काँक्रीटच आगीत जास्त फुटते. इंग्लंड आणि फ्रान्सला जोडणाऱ्या समुद्राखालच्या बोगद्यात 18 नोव्हेंबर 1996 रोजी मालगाडीवरच्या ट्रकना आग लागली. माणसे वाचली. पण बोगद्याचे चांगले हातभर जाड, उत्तम प्रतीचे काँक्रीटचे अस्तर ढलपी-ढलपीने उडत गेले आणि काही ठिकाणी जेमतेम काही सेंटिमीटर उरले.

यावर इंजिनियरांनी तोड काढली आहे ती ऐकून मला हसूच आले. बोगद्यांच्या काँक्रीटमध्ये आता पॉलिप्रॉपिलीन नावाच्या प्लॅस्टिकचे केसासारखे बारीक धागे मिसळतात. आग लागली की साधारण 160-170 अंशांना हे धागे वितळतात, त्यांच्या जागी बारीक नळ्या तयार होतात आणि वाफ त्यांतून निघून जाते. म्हणजे काय? वांग्याला टोचेच की! आपल्या आया-आज्यांना हे केव्हापासून ठाऊक होते.

शंभर अंशांपासून हजार अंशांपर्यंत

भाजलेला रुग्ण आला की आम्ही आधी पाहायचो, किती खोल भाजले आहे. नुसती वरची कातडी लाल झाली आहे, फोड आले आहेत, की पार आतपर्यंत गेले आहे? काँक्रीटचेही तसेच पाहावे लागते.

शंभर अंशांच्या आसपास छिद्रांतले मोकळे पाणी वाफ होऊन जाऊ लागते. पुढे सिमेंटने आपल्या अंगात बांधून ठेवलेले पाणीही सुटू लागते. साधारण 300 अंशांपर्यंत काँक्रीटची ताकद फारशी घटत नाही. 400 ते 500 अंशांच्या दरम्यान सिमेंटमधला विरलेला चुना मोडतो, त्यातले पाणी उडून जाते आणि मागे उरते चुनकळी. 573 अंशांना रेतीतले गारेचे कण एकदम फुगतात आणि भोवतालचे सिमेंट तडकवतात. 600 अंशांपर्यंत निम्मी ताकद, कधी त्याहून जास्त, गेलेली असते. 800 अंशांच्या पुढे हाती उरतो तो भुगाच.

आता इमारतीला लागलेल्या आगीचा अंदाज घ्या. आगीच्या चाचणीसाठी जी प्रमाण भट्टी वापरतात, तिच्यात अर्ध्या तासात सुमारे 840 आणि तासाभरात सुमारे 945 अंश तापमान होते. मग प्रत्येक आगीत इमारती कोसळत का नाहीत? कारण काँक्रीट उष्णता फार सावकाश आत जाऊ देते. तासभर आग लागली तरी पाच सेंटिमीटर खोलवर तापमान साधारण दोनशे-अडीचशे अंशच असते. वरचा थर भाजतो, पण आतला गाभा शाबूत राहतो.

काँक्रीटच्या पोटात लोखंडी सळया असतात, त्या म्हणजे इमारतीची हाडे. लोखंड जळत नाही, पण 550 ते 600 अंशांना त्याची निम्मी ताकद जाते आणि ते मऊ पडते. सळईवरचा काँक्रीटचा थर म्हणजे तिची कातडी. हा थर पुरेसा जाड असेल आणि ढलप्या उडाल्या नाहीत, तर सळया वाचतात. थर उडाला की हाडे उघडी पडतात आणि मग इमारतीचे काही खरे नाही.

खडीखडीतही फरक आहे. मुंबईकडे काँक्रीटमध्ये काळ्या दगडाची खडी असते. तो दगड मुळात लाव्हारसातून झालेला, त्यामुळे उष्णता बरीच सोसतो. आयर्लंडच्या मध्यभागी मैलोन्‌मैल चुनखडीचा दगड आहे आणि इथल्या काँक्रीटमध्ये पुष्कळदा त्याचीच खडी पडते. तीही गारेच्या खडीपेक्षा आगीत बरी टिकते. मात्र 700-800 अंशांच्या पुढे चुनखडीचीही चुनकळी होऊ लागते.

डग्लसची आग

हे सगळे पुस्तकातले झाले. आता आमच्या कॉर्कमध्ये काय घडले ते सांगते. शहराच्या दक्षिणेला डग्लस नावाचा भाग आहे. तिथल्या डग्लस व्हिलेज शॉपिंग सेंटरच्या बहुमजली पार्किंगमध्ये 31 ऑगस्ट 2019 रोजी, शनिवारी, एका गाडीला आग लागली. एकीची दुसरीला, दुसरीची तिसरीला, असे करता करता सुमारे साठ गाड्या जळाल्या. लोकांना वेळेवर बाहेर काढले म्हणून जीव वाचले.

आग विझली, पण खरी कथा पुढेच आहे. पार्किंगचा सांगाडा इतका भाजला होता की जळालेला भाग पाडून पुन्हा बांधावा लागला. ज्या दुकानांना आगीची झळही लागली नव्हती, तीसुद्धा बंद राहिली. कामावर जाणाऱ्यांचे काम गेले, जवळ राहणाऱ्या म्हाताऱ्याकोताऱ्यांना वाणसामानासाठी लांब जावे लागले. शॉपिंग सेंटर पुन्हा उघडले ते नोव्हेंबर 2020 मध्ये, म्हणजे सव्वा वर्षानंतर! बाहेरून पाहणाऱ्याला वाटे, आग तर विझली, इमारत उभी आहे, मग उघडत का नाहीत? भाजलेल्या रुग्णाचे नातेवाईकही असेच विचारायचे, “सिस्टर, आता तर बोलतोय, घरी कधी सोडता?” त्यांना सांगावे लागे की भाजल्याचे दुखणे पहिल्या दिवशी पुरते दिसत नाही.

आमच्या समोरच्या किनाऱ्यावर, लिव्हरपूलमध्ये, 31 डिसेंबर 2017 रोजी याहून मोठी आग लागली होती. काँक्रीटच्या बहुमजली पार्किंगमध्ये सुमारे 1,400 गाड्या जळाल्या. मजल्यांना भगदाडे पडली आणि शेवटी ती इमारत पाडावी लागली.

थंड झाल्यावर सुरू होणारे दुखणे

डब्लिनला लिफी नदीच्या काठी कस्टम हाऊस नावाची सुंदर जुनी इमारत आहे. आयर्लंडच्या स्वातंत्र्ययुद्धात, 25 मे 1921 रोजी ती पेटवण्यात आली. अनेक दिवस ती जळत होती. आग विझल्यानंतर कित्येक महिने दगड थंड होता होता तडकत होते म्हणतात! पुढे घुमटाचा भाग पुन्हा बांधताना आयर्लंडमधलाच, मीथ परगण्यातला चुनखडीचा दगड वापरला. मूळचा दगड इंग्लंडहून आणलेला, फिकट रंगाचा. त्यामुळे घुमटाखालचा भाग आजही गडद दिसतो. नदीवरच्याच फोर कोर्ट्स या न्यायालयाच्या इमारतीची 1922 मध्ये तीच गत झाली. तिचा घुमट पुन्हा उभारला तो मात्र सळया घातलेल्या काँक्रीटचा.

काँक्रीटही भाजल्यानंतर असेच मागाहून दुखते. वर मी चुनकळीबद्दल लिहिले ते आठवा. आमच्या लहानपणी घराला सफेदी करायची म्हणजे चुनकळी आणून पिंपात टाकायची आणि वरून पाणी ओतायचे. ती कशी फसफसायची, वाफा सोडायची, फुगून तिचे पीठ व्हायचे! आम्हा मुलांना जवळ फिरकू देत नसत. आगीत सापडलेल्या काँक्रीटच्या पोटात हेच होते. आग विझल्यावर तिथली चुनकळी हवेतला ओलावा, विझवायला मारलेले पाणी शोषून घेते, फुगते आणि तडे वाढवते. म्हणून थंड झाल्यावरही काही आठवडे काँक्रीटची ताकद घटतच राहते. आज धड दिसणारा खांब महिन्याने तितका धड नसतो.

मग तपासायचे कसे? पद्धती ऐकाल तर तुम्हाला दवाखानाच आठवेल. आधी रंग पाहतात. 300 अंशांच्या पुढे गेलेले काँक्रीट पुष्कळदा गुलाबीसर होते, 600 च्या पुढे राखाडी-पांढरट. मात्र खडीत लोह कमी असेल, चुनखडीत बहुधा असते तसे, तर गुलाबी रंग दिसतही नाही. म्हणून रंगावर एकट्यावर भरवसा नाही. मग हातोडीने ठोकून पाहतात. टण्ण वाजले तर ठीक, बद्द वाजले तर आत पोकळी. डॉक्टर छातीवर बोटे ठेवून ठोकून बघतात, अगदी तस्से! शेवटी गोल करवतीने काँक्रीटचा दांड्यासारखा तुकडा कापून प्रयोगशाळेत पाठवतात, आम्ही रक्त पाठवायचो तसा.

मुंबईकरांना मंत्रालयाची आग आठवत असेल. 21 जून 2012 रोजी चौथ्या मजल्यावर लागलेली आग वर चढली, पाच माणसे दगावली, वरचे मजले जळून गेले. तरी काँक्रीटचा सांगाडा उभा राहिला. तपासणी झाली, दुरुस्ती झाली आणि इमारत पुन्हा वापरात आली. म्हणजे भाजलेली प्रत्येक इमारत मरते असे नाही. वेळेवर नीट तपासले तर ती बरीही होते.

इमारत उभी राहते, माणसाचे काय?

इथे एक गोष्ट मन घट्ट करून लिहिते. लंडनच्या ग्रेनफेल टॉवरला 14 जून 2017 रोजी आग लागली. काँक्रीटचा सांगाडा शेवटपर्यंत उभा राहिला. पण बाहेरून लावलेल्या आवरणाने पेट घेतला, धूर कोंडला आणि 72 माणसे गेली. काँक्रीट आपल्याला वेळ देते, तासभर, कधी दोन तास. तो वेळ बाहेर पडण्यासाठी असतो, घरात बसून राहण्यासाठी नव्हे. आपल्यापैकी पुष्कळजण आता काँक्रीटच्या इमारतीत, वरच्या मजल्यावर, एकेकटे राहतात. “आपलं घर सिमेंटचं, आपल्याला काय होतंय?” असे कोणी म्हणू नका. मीही तसेच म्हणाले होते.

ध्यानात ठेवा:

1. पेटती शेगडी काँक्रीटवर किंवा फरशीवर थेट ठेवू नका. पायांची शेगडी घ्या, कोरड्या विटांवर उंच ठेवा आणि मुलांना लांब बसवा. ओल्या कोब्यावर तर मुळीच नको.

2. कोळशाची शेगडी घरात किंवा बंद गॅलरीत पेटवू नका. तिचा विषारी वायू दिसत नाही, त्याला वास येत नाही आणि तो झोपेतच जीव घेतो.

3. गरम झालेल्या फरशीवर थंड पाणी ओतू नका, ती आणखी तडकते. भाजलेल्या माणसाचे मात्र उलट! वीस मिनिटे थंड वाहते पाणी. बर्फ नको, हळद नको, टूथपेस्ट नको, शाई नको.

4. आपल्या इमारतीचा जिना कुठे आहे आणि आग लागल्यास काय करायचे, हे आजच विचारून घ्या. आगीत लिफ्ट वापरू नका. घरात धुराची सूचना देणारे यंत्र लावा आणि त्याचे बटण अधूनमधून दाबून बघा.

5. आग विझली, भिंती उभ्या आहेत, म्हणून काही आणायला परत आत जाऊ नका. इंजिनियरने हो म्हटल्याशिवाय नाहीच.

6. अग्निशामक दलाचे नंबर फोनजवळ मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा. आयर्लंडमध्ये 112 किंवा 999, इस्राएलमध्ये 102, भारतात 101 किंवा 112.

बालमित्रांनो, तुमच्यासाठी एक गंमत. आईला मक्याच्या लाह्या करायला सांगा आणि झाकणाखालचा आवाज लांबून ऐका. प्रत्येक फट्‌ आवाजाला स्वतःशी म्हणा, “वाफेला वाट मिळाली!” मग आजीला विचारा, वांग्याला टोचे का मारतेस गं? बघा तिला सांगता येते का.

आमच्या नातवाची भुवई बरी झाली. दोन टाके पडले, बारीकसा व्रण राहिला आहे. अंगणातल्या कोब्याला बशीएवढा खड्डा पडला होता. जावई तो बुजवणार होते, पण मीच नको म्हटले. रोज सकाळी तुळशीची कुंडी उन्हात ठेवायला जाते तेव्हा तो दिसतो आणि मला माझी चूक आठवते. नातू मात्र मित्रांना अभिमानाने दाखवतो, “हे बघा, इथे माझ्या आजीने काँक्रीट भाजलं!”

भरीत आम्ही नंतर केले. पायांच्या शेगडीवर, विटा रचून, आणि नातवाला खिडकीच्या आत बसवून.

तुमची,
कॉर्कची एक निवृत्त नर्स आजी